रंगाची भरपाई नंतर, आधी पॉलिसी परत करा

कांदिवलीच्या एका ताईंचं पत्र आहे. 1994 सालची इमारत, तिसरा मजला, 580 चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके. मे महिन्यात मुदत ठेव मोडून घर रंगवून घेतलं. कंत्राटदाराला 2 लाख 60 हजार दिले, त्यातले दीड लाख बँकेतून आणि 1 लाख 10 हजार रोख, पावती न घेता. जुलैत भिंतींना फुगे आले, ऑगस्टमध्ये पोपडे पडू लागले आणि कंत्राटदाराने फोन उचलणं बंद केलं. डिसेंबरात मुलीचा साखरपुडा घरीच करायचा आहे, म्हणून पुन्हा रंग देण्यासाठी 15 टक्क्यांनी 4 लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. ताई विचारतात, ग्राहक आयोगात मूळ रक्कम आणि मनस्तापाचे 5 लाख मागितले तर त्यातून हे कर्ज फिटेल का?

नाही फिटणार, ताई. डिसेंबरपर्यंत तर नाहीच. पण त्यापेक्षा तातडीची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे. कर्जातले 1 लाख 20 हजार बँकेतल्या मॅडमनी एका विमा पॉलिसीत भरायला लावले. दहा वर्षं दरवर्षी तेवढेच भरायचे, विसाव्या वर्षी 24 लाख 'खात्रीने दुप्पट'. पॉलिसीचे कागद तीन आठवड्यांपूर्वी कुरियरने आले. हातातलं सगळं बाजूला ठेवून आधी हे काम करा.

आयुर्विमा पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम आठ-नऊ दिवस आहेत, कदाचित त्याहून कमी, कारण कागद ईमेलवर आधी आले असतील तर कंपनी ती तारीख धरेल. आजच मेल उघडून तारीख बघा. मग साध्या कागदावर पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख आणि 'अटी मान्य नाहीत, फ्री लुक मुदतीत पॉलिसी रद्द करून हप्ता परत करावा' एवढं लिहा. सोबत मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक आणि पॅनची प्रत जोडा. हे सगळं बँकेत देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या आणि तोच अर्ज त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवरही टाका. मॅडमचा फोन येईल, 'चार दिवस थांबा, साहेब येऊ देत'. थांबू नका, मुदत त्याच चार दिवसांत संपते. पडताळणीच्या फोनवर तुम्ही 'हो' म्हणालात, त्यानेही काही अडत नाही. स्टॅम्प ड्युटी, झालेल्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे देणं कंपनीला बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार करा. पुढच्या हप्त्यासाठी सही केलेली ऑटो डेबिटची परवानगीही रद्द करून घ्या.

आता त्या 'दुप्पट'चा हिशेब. हप्ते दहा वर्षांत विखुरलेले आहेत, म्हणून तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट होण्याचा ढोबळ व्याजदर काढायला 72 ला वर्षांनी भागतात. 72 भागिले साडेपंधरा म्हणजे वर्षाला साधारण 4.6 टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये सध्याच्या 7.1 टक्क्यांनी वाढले तर विसाव्या वर्षी 35 लाखांच्या आसपास होतात. आणि तुम्ही तर 15 टक्क्यांनी पैसे उचलून 4.6 टक्क्यांवर ठेवलेत. ज्या बाईंना घराच्या रंगकामात नुकतंच फसवलं गेलंय, ज्यांची मुदत ठेव मोडली आहे, त्यांना कर्ज देताना हे गळ्यात घालणं मला अतिशय चुकीचं वाटतं. 'पॉलिसी घेतली की कर्ज लवकर मंजूर होतं' असं बँकेतल्या मॅडम म्हणाल्या ना? कर्जासाठी विम्याची सक्ती बँकेला करता येत नाही. पैसे परत आले की ही तक्रार बँकेत लेखी द्या.

फ्री लुकची तारीख हुकली, तर एक वर्ष झाल्यावर पॉलिसी मध्येच बंद करून काही रक्कम मिळेल. तशी तरतूद 1 ऑक्टोबर 2024 पासून आहे. पण त्यात मोठी घट सोसावी लागते. चालू ठेवायची म्हटली तर बघा: कर्जाचा हप्ता महिना 13,900, पॉलिसीचे महिना 10,000, हातात येणारा पगार 52,000. दुसऱ्या वर्षीच ओढाताण होणार. विमा हवाय, हे खरं. पण तो निव्वळ मुदत विमा, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही. या पॉलिसीत 12 लाखांचं संरक्षण आहे, तुमच्या कुटुंबाला 1 कोटीच्या जवळपास लागेल आणि तुमच्या वयाला त्याचा वर्षाचा हप्ता या पॉलिसीच्या एक तृतीयांशाहून फार जास्त नसेल.

पॉलिसीचे पैसे आले की ते आणि कर्जातले बचत खात्यात पडून असलेले 2 लाख 80 हजार मिळून जवळजवळ सगळं कर्ज फेडता येतं. हे कर्ज तीन वर्षं चालवलंत तर व्याजच 99 हजारांच्या घरात जातं. कर्जाबरोबर मिळालेल्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये मुदतपूर्व फेडीचं शुल्क लिहिलेलं असतं, ते वाचा. 4 टक्के आणि त्यावर जीएसटी धरला तरी 19 हजार होतात, म्हणजे 70-80 हजार वाचतात. काही बँका पहिले सहा किंवा बारा हप्ते फेड घेत नाहीत. तसं असेल तर रक्कम वेगळी ठेवा आणि पहिल्या मुभेला भरा. दरम्यान हप्ता चुकवू नका. कंत्राटदाराच्या भांडणाशी बँकेला देणंघेणं नाही, नोंद मात्र तुमच्या सिबिलवर होते.

मग पुन्हा रंग? आत्ता देऊच नका. ओल्या भिंतीवर दिलेला दुसरा रंगही सुटेल, आणि पुरावाही झाकला जाईल. पाऊस गेल्यावर भिंतींना चार ते सहा आठवडे वाळू द्या आणि साखरपुड्यासाठी फक्त हॉल करा. भिंती आणि छत मिळून 500-600 चौरस फूट, नीट खरवडून, प्राइमरसह 20-25 हजारांत होईल.

त्याआधी कारण शोधा, कारण सगळा दावा त्यावर उभा आहे. फुगे फक्त बाहेरच्या भिंतींवर असतील तर पाणी बाहेरून येतंय, आणि कंत्राटदार आयोगात पहिलं वाक्य तेच म्हणेल. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर एक दिवस चिकटवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली आहे. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र द्या. बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपची गळती थांबवण्याचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचा असतो. आतल्या कोरड्या भिंतींवरही पोपडे असतील तर दोष कामाचा. पोपडा उलटा करून बघा. मागे खडूसारखी पावडर लागली तर जुना डिस्टेंपर न खरवडता त्यावर लांबी (पुट्टी) भरली आहे. रंगाचा पापुद्रा लांबीवरून सबंध सुटला तर प्राइमर नाही, किंवा पॉलिश पेपरची धूळ न पुसता हात मारलाय. पोपड्याबरोबर गिलाव्याची वाळू आली तर ओल खोलवर आहे. प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढा, पोपडे पाकिटात घालून त्यावर खोलीचं नाव लिहा. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरचा दोन पानी अहवाल 5-10 हजारांत मिळतो आणि तो लागतोच.

तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र फुग्यांचा नाही. कोटेशनमध्ये 4,000 चौरस फूट गुणिले 65 रुपये लिहिलंय. 580 कार्पेटच्या घरात भिंती आणि छत मिळून कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट, म्हणजे 1,750 ते 2,050 चौरस फूट भरतात. ते 4,000 होत नाहीत. टेप घेऊन प्रत्येक भिंत मोजा, दारं-खिडक्या वेगळ्या लिहा. जादा लावलेल्या 2,000 फुटांचे 1 लाख 30 हजार होतात, आणि हे सिद्ध करायला ओल कुठून आली याचा वाद घालावा लागत नाही.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस द्या. तेवढ्यावर कंत्राटदार 50-60 हजार परत द्यायला तयार झाला तर लेखी घेऊन मिटवा. नाहीतर ई-जागृती पोर्टलवर तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे मुंबई उपनगराच्या, जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लावा, नाहीतर त्यावरच हरकत येईल. निकाल कायद्याने तीन ते पाच महिन्यांत लागायला हवा, प्रत्यक्षात दोन वर्षं धरा. मनस्तापासाठी 5 लाख मिळत नाहीत, काही हजार मिळतात. रोख दिलेल्या 1 लाख 10 हजारांची कबुली एखाद्या संदेशात नसेल तर ते हिशेबातून वगळा. हाती लाखभर आले तर दावा चांगला चालला असं समजा.

हॉलच्या नव्या रंगाऱ्याला आगाऊ 25 टक्क्यांहून जास्त देऊ नका. पुढचे 25 लांबी घासून प्राइमर झाल्यावर, 30 पहिला हात वाळल्यावर, 10 काम संपल्यावर, सगळे बँकेतून. उरलेले 10 टक्के पुढच्या पावसाळ्यानंतर, हे कोटेशनवरच लिहून दोघांच्या सह्या घ्या.