३१.२ हा आकडा काय सांगतो?

प्रश्न : माझा डायल-अप मोडेम (टेलिफोन लाइनवरून इंटरनेट जोडणारं यंत्र) ५६ के चा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटचा आहे. इंटरनेट जोडल्यावर कधी ११५.२ के दिसतं, कधी ३१.२ के, पण फाइल उतरायला वेळ तेवढाच लागतो. मोडेम बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. ११५.२ हा संगणक आणि मोडेम यांच्यातल्या पोर्टचा वेग आहे, तो तसाच राहू द्या. लाइनवरचा वेग ३१.२ आणि त्यातच सगळं आलं. ५६ के मोडेम ज्या व्ही.९० पद्धतीने बोलतात, तिचे वेग २८, २९.३, ३०.७, ३२ असे चढतात, ३१.२ त्यांत बसत नाही. तो त्याआधीच्या, संथ व्ही.३४ पद्धतीचा वेग आहे. म्हणजे तुमचा मोडेम ५६ के ची बोलणी सोडून मागे आलाय. असं होतं ते लाइनवरच्या खरखरीमुळे, नाहीतर घर आणि टेलिफोन एक्स्चेंज यांच्यामध्ये इंटरकॉमसारखं काही असल्यामुळे.

आधी खरखर तपासा. रिसीव्हर उचला, कोणताही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल. त्या शांततेत कान द्या. चरचर किंवा गुणगुण ऐकू आली तर समांतर जोडलेले सगळे फोन, कॉलर आयडी, स्प्लिटर काढा आणि मोडेम थेट पहिल्या सॉकेटला लावा. तार दोन-तीन मीटरचीच, पिळाची (आतल्या तारा एकमेकींभोवती पिळलेली) घ्या. लांब चपटी तार आजूबाजूच्या विजेच्या तारांची गुणगुण ओढून घेते, म्हणून ती पॉवर केबलपासून दूर ठेवा. मग जोडून पुन्हा आकडा बघा. ४० ते ५० च्या मध्ये आला की समाधान माना. ४४ के म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेपाच किलोबाइट, एक एमबीला तीन मिनिटं.

पहिल्या सॉकेटवरही ३१.२ च राहिला, तर घरात करण्यासारखं काही उरत नाही. टेलिफोन कंपनीकडे तक्रार करा आणि लाइनवर खरखर येते असंच सांगा.

प्रश्न : वेग वाढवणारी सॉफ्टवेअर उपयोगी पडतात का? आणि जोडणी सारखी तुटते ती का?

उत्तर : मजकूर आणि चित्रं मधल्या सर्व्हरवर दाबून पाठवणाऱ्या सेवांनी पानं खरंच लवकर उघडतात, चित्रं मात्र धूसर होतात. झिप आणि एमपी३ आधीच दाबलेल्या असतात, त्यांना काडीचा फरक पडत नाही. त्यापेक्षा ब्राउझरमधली चित्रं बंद करा आणि मागे चालणारे अपडेट थांबवा.

तुटण्याचं म्हणाल, तर कॉल वेटिंग बंद करून घ्या, दुसरा फोन आल्याच्या आवाजाने जोडणी तुटते. तरी तुटत असेल तर संगणकावरच्या मोडेम सेटिंगमधल्या जादा आज्ञांच्या चौकटीत एस१०=५० लिहा (अक्षर आणि आकडे इंग्रजीत). मग सिग्नल हरवल्यावर मोडेम लगेच फोन न ठेवता पाच सेकंद थांबतो.