जामीन राहिलेल्या गुरुजींचे दोन कागद

सप्रेम नमस्कार गुरुजी,

आपले पत्र आणि सोबत जोडलेल्या दोन कागदांच्या झेरॉक्स मिळाल्या. वाचकांसाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. सातारा जिल्ह्यातील हे निवृत्त प्राथमिक शिक्षक २०२१ मध्ये मारामारीच्या एका खटल्यात चुलत पुतण्याला जामीन राहिले. जामीनकतबा, म्हणजे आरोपी हजर न राहिल्यास रक्कम भरण्याची लेखी हमी, २५,००० रुपयांचा होता आणि सोबत स्वतःचा सातबारा जोडला होता. पुतण्या लागोपाठ तीन तारखांना गैरहजर राहिला, त्याच्यावर अजामीनपात्र वॉरंट निघाले आणि गुरुजींच्या हाती ‘कतबा जप्त का करू नये, याचे कारण दाखवा’ अशी नोटीस आली. त्याच महिन्यात बांधाच्या वादात शेजाऱ्याने लावलेल्या दाव्याचा निकाल गुरुजींच्या विरुद्ध लागला. हुकूमनाम्यात, म्हणजे निकालावरून काढलेल्या अंतिम आदेशात, शेवटी ‘दाव्याचा खर्च प्रतिवादीने वादीस द्यावा’ असे वाक्य असून त्याखाली ११,८६० रुपयांचा आकडा आहे. दोन्ही कागदांवर रकमा दिसल्यामुळे आपण त्या एकत्र करून ‘मला कोर्टाला ३६,८६० रुपये भरायचे आहेत का, न भरल्यास जमीन जाईल का आणि तुरुंगात जावे लागेल का?’ असे विचारले आहे.

हे दोन कागद एकत्र जोडू नयेत. पहिल्या कागदातील पैसे सरकारजमा होतात आणि ते किती द्यायचे हे अजून ठरलेले नाही. दुसऱ्यातील पैसे शेजाऱ्याला द्यायचे आहेत आणि तो आकडा ठरलेला आहे.

प्रथम शब्द पाहू. न्यायालयाच्या आवारात ‘बॉन्ड’ म्हणून जे काही बोलले जाते, त्यात दोन वेगळे दस्तऐवज मिसळलेले असतात. आरोपीने स्वतःपुरते लिहून दिलेला तो जातमुचलका, आणि आपल्यासारख्या त्रयस्थाने ‘हा हजर राहील, न राहिल्यास मी अमुक रक्कम भरीन’ असे लिहून दिलेला तो जामीनकतबा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा भेद व्याख्येतच केला आहे. जामीनदाराविना दिलेली हमी म्हणजे बंधपत्र आणि जामीनदारासह दिलेली हमी म्हणजे जामीनपत्र, असे तेथे म्हटले आहे. आपल्या नोटिशीवर मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४४६ छापलेले आहे, कारण खटला नवा कायदा येण्यापूर्वीपासून चालू आहे आणि अशा प्रलंबित प्रकरणांना जुनीच संहिता लागू राहते. नव्या संहितेत हेच कलम ४९१ आहे. आशय तोच आहे, त्यामुळे आकड्यांवरून गोंधळू नये.

आता कतब्यातील २५,००० रुपये म्हणजे काय ते पाहू. हे कर्ज नव्हे आणि पुतण्याला होऊ शकणाऱ्या दंडाशीही त्याचा संबंध नाही. आपण न्यायालयाला वचन दिले ते माणसाच्या हजेरीचे, आणि ती रक्कम हे वचन मोडल्याची शास्ती आहे. ‘सही फक्त नावापुरती आहे’ असे आपल्याला सांगितले गेले, असे आपण लिहिता. तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर हे वाक्य रोज ऐकू येते आणि ते तितकेच रोज चुकीचे ठरते. मात्र शास्ती ठरवण्याची एक रीत आहे आणि ती दोन टप्प्यांची आहे. अट मोडल्याचे सिद्ध झाले, अशी आधारासह नोंद न्यायालयाने आधी करावी लागते. त्यानंतर जामीनदाराला ‘रक्कम भरा, नाहीतर का भरू नये याचे कारण दाखवा’ असे विचारावे लागते. ही संधी न देता जामीनदाराकडून पैसे वसूल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने गुलाम मेहदी विरुद्ध राजस्थान राज्य या १९६० च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून खटल्याच्या रोजनाम्याची (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची) आणि आपल्या कतब्याची प्रमाणित नक्कल आजच मागावी. ज्या तारखेला पुतण्या गैरहजर होता, त्या तारखेच्या नोंदीत कतबा जप्त झाल्याचा आदेश आणि त्याचा आधार लिहिला आहे की नुसतेच ‘आरोपी गैरहजर, वॉरंट काढा’ एवढे आहे, हे पाहिल्याशिवाय उत्तर लिहिण्यात अर्थ नाही.

आपण नोटिशीला उत्तर न देता घरी बसलात, तर पुढची पायरी वसुलीची येते आणि ती न्यायालयाने ठोठावलेल्या दंडासारखीच होते. जंगम मालमत्ता जप्त करून विकता येते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल करता येते. आपण जोडलेला सातबारा हा आपल्या ऐपतीचा पुरावा होता. तो जोडल्याने जमीन गहाण पडली असे होत नाही, परंतु थकबाकी म्हणून वसुली सुरू झाली की जमिनीपर्यंत पोचता येते. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याचा आदेश करण्याची तरतूद कलमात आहे. म्हणजे आपली भीती अगदीच निराधार नाही. मात्र ती टोकाची पायरी आहे आणि आपण अजून पहिल्याच पायरीवर उभे आहात.

याच कलमात आपल्या उपयोगाचे एक पोटकलम आहे. कारणे नोंदवून शास्तीचा कोणताही भाग माफ करण्याचा आणि उरलेलीच रक्कम वसूल करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आपल्या प्रकरणात सारा भर येथे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुतण्या सुरतेला कामावर आहे आणि फोन उचलतो, असे आपण लिहिले आहे. नोटिशीच्या तारखेपूर्वी त्याला घेऊन या, त्याच्या वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या आणि त्याच दिवशी आपले लेखी उत्तर दाखल करा. उत्तरात आपण त्याला आणण्यासाठी केव्हा काय केले हे तारखांसह लिहावे. फोन, गावी जाऊन विचारपूस, पोलिसांना दिलेला पत्ता, सगळे. आपले निवृत्तिवेतन आणि घरची जबाबदारीही सांगावी. ‘मला काही माहीत नव्हते’ हे वाक्य मात्र लिहू नये, कारण कतब्यावर सही आपलीच आहे. आरोपी उशिरा का होईना हजर झाला म्हणून मोडलेली अट जुळत नाही, पण शास्ती किती घ्यावी हे ठरवताना न्यायाधीश ती गोष्ट विचारात घेतात. आदेश विरुद्ध गेला, तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर कलम ४४९ खाली सत्र न्यायाधीशांकडे अपील करता येते.

पहिल्या गैरहजेरीनंतरच कलम ४४४ खाली ‘मला जामीनकीतून मुक्त करा’ असा अर्ज आपण देऊ शकला असता. त्यावर पुतण्याविरुद्ध वॉरंट निघाले असते आणि तो हजर झाल्यावर आपण सुटला असता. ही सोय जामीनदारांना कोणी सांगत नाही.

आता दुसरा कागद. ‘दाव्याचा खर्च’ या शब्दांचा अर्थ शेजाऱ्याने आजवर जे जे खर्च केले ते सगळे, असा नाही. हुकूमनाम्याच्या शेवटच्या पानावर दोन रकान्यांचे कोष्टक असते, एक वादीच्या खर्चाचा आणि एक प्रतिवादीच्या. दाव्यावरचा कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, समन्स बजावणीची फी, साक्षीदारांचा भत्ता, कोर्ट कमिशनरची फी आणि नियमांतील कोष्टकाप्रमाणे धरलेली वकील फी, अशा ओळी त्यात असतात. शेजाऱ्याने वकिलाला प्रत्यक्षात किती दिले, हे त्या शेवटच्या ओळीत येत नाही. पराभूत पक्षाकडून प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च मिळायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात म्हटले होते. तालुका पातळीवरच्या कोष्टकात ते अजून फारसे उतरलेले दिसत नाही. आपल्या प्रकरणी ११,८६० पैकी सर्वांत मोठी ओळ बांधाची मोजणी करणाऱ्या कमिशनरच्या फीची आहे. मोजणीचा अर्ज आपणच दिला होता आणि फीही आपणच भरली होती, असे पत्रात आहे. मग ती वादीच्या रकान्यात कशी आली? फी भरल्याची पावती शोधा. बेरजेतील किंवा लिहिण्यातील अशी चूक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज देऊन दुरुस्त करून घेता येते, त्यासाठी अपिलाची गरज नाही.

आपण तारीख वाढवून घेतली तेव्हा भरलेले ५०० रुपये या रकमेतून वजा होतील का, असेही विचारले आहे. होणार नाहीत. तो कलम ३५ब खालचा, विलंबाबद्दलचा खर्च होता. त्या वेळी तो भरला नसता, तर आपला बचाव पुढे चालवता आला नसता. तो वेगळा असल्यामुळे हुकूमनाम्याच्या खर्चातही धरता येत नाही. कोष्टकात तो धरलेला असेल, तर त्यावरही बोट ठेवा. शेजारी ‘खोटा बचाव केला म्हणून भरपाई घेईन’ असे गावात म्हणत असल्यास त्याकडे दुर्लक्ष करावे. कलम ३५अ खालच्या अशा भरपाईला १९७६ च्या दुरुस्तीपासून ३,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि आपल्या निकालात तसा आदेशच नाही.

दुरुस्तीनंतर उरणारी रक्कम द्यावी लागेल. ती न्यायालयात भरा. शेजाऱ्याच्या हातात दिलीत, तर न्यायालयात त्याची नोंद करून घ्या, कारण नोंद नसलेले देणे दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालवणारे न्यायालय मानत नाही आणि दरखास्त लावायला त्याच्याकडे १२ वर्षे आहेत. बांधाबाबतच्या मूळ निकालावर अपील करायचे असेल, तर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांची मुदत आहे आणि नक्कल मिळण्यास लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. केवळ खर्चासाठी अपिलात जाऊ नये, असा माझा सल्ला आहे.

शेवटी, पुतण्याला पुन्हा जामीन राहा, या आपल्या वहिनींनी केलेल्या विनंतीविषयी. कतबा जप्त झाला की आरोपीचा आणि जामीनदाराचा असे दोन्ही दस्तऐवज जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ४४६अ नुसार रद्द होतात आणि पुतण्याला नव्याने जामीनदार द्यावा लागेल. ते आपणच व्हावे असे कायद्याचे बंधन नाही. नवा कतबा दिल्याने जुनी शास्ती मिटतही नाही. मी आपल्या जागी असतो, तर या वेळी सही केली नसती.

आपला,
एक वकील