विचारा बिनधास्त: एज ऑफ एम्पायर्सवाले गेले कुठे?

प्रश्न: कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून एज ऑफ एम्पायर्स टू खेळायचो. परवा मुलासाठी नवीन व्हर्जन घेतलं तर त्यावर भलत्याच कंपन्यांची नावं. गेम सुरू होताना एन्सेंबल स्टुडिओजचा लोगो यायचा तो कुठे गेला? गेम चालले नाहीत म्हणून बंद पडली का ती कंपनी? (एक वाचक, इचलकरंजी)

अहो चालले नाहीत कसले, चांगले दणक्यात चालत होते आणि तरी मालकाने शटर ओढलं, हीच तर गोष्ट आहे. पण सुरुवातीपासून सांगतो. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी: गाव वसवायचं, सैन्य उभं करायचं आणि शत्रूला हरवायचं असा हा कॉम्प्युटर गेम.

अमेरिकेत टेक्सासमधलं डॅलस शहर. टोनी गुडमन मुळात गेमवाला नव्हताच, त्याची एन्सेंबल कॉर्पोरेशन नावाची कंपनी दुसऱ्या कंपन्यांना डेटाबेसची कामं करून द्यायची. धंदा व्यवस्थित होता पण १९९४-९५ च्या सुमाराला याच्या डोक्यात गेमचं खूळ शिरलं. सोबत भाऊ रिक गुडमन, ब्रायन सुलिव्हन, आणि बोर्ड गेम खेळणाऱ्या ग्रुपमधल्या जुन्या ओळखीतून आलेला ब्रूस शेली. हा शेली मोठा मासा, सिड मायर या नावाजलेल्या गेम डिझायनरच्या हाताखाली रेलरोड टायकून आणि १९९१ चं सिव्हिलायझेशन यावर काम केलेला माणूस. सिव्हिलायझेशनमध्ये इतिहास भरपूर पण खेळायचं आळीपाळीने, आणि तिकडे वॉरक्राफ्ट आणि कमांड अँड कॉन्करने रिअल टाइमचं, म्हणजे पाळी न बघता सगळ्यांनी एकाच वेळी खेळायचं वेड लावलेलं. यांनी दोन्ही एकत्र केलं. आधी नाव होतं डॉन ऑफ मॅन, ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बाजारात आणलं ते एज ऑफ एम्पायर्स म्हणून.

पुढचा भाग, म्हणजे तुम्ही खेळायचात तो, वर्षभरात उरकायचा बेत होता पण लागली दोन वर्षं. मधल्या ख्रिसमसला दुकानात काहीतरी हवं म्हणून १९९८ मध्ये पहिल्या भागाची पुरवणी राइज ऑफ रोम आणलं, आणि १९९९ मध्ये एज ऑफ किंग्ज. माझ्या मते एन्सेंबलचं सगळ्यात चांगलं काम हेच, पुढच्या वर्षीची त्याची पुरवणी कॉन्करर्स धरून. या स्टुडिओत प्रोग्रामर असो की आर्टिस्ट, सगळ्यांनी गेम खेळायचा आणि काय खटकतं ते तोंडावर सांगायचं अशी पद्धत होती, आणि खेळताना ते जाणवतं. म्हणजे गावकरी मेंढी मारतोय, लाकूड तोडतोय, यात काय मजा असणार, पण रात्रीचे दोन वाजतात.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने अख्खा स्टुडिओच विकत घेतला. तोपर्यंत रिक गुडमन बाहेर पडून स्टेनलेस स्टील स्टुडिओज काढून बसला होता (एम्पायर अर्थ त्यांचं), सुलिव्हनने आयर्न लोअर काढला. एन्सेंबलने २००२ ला एज ऑफ मायथॉलॉजी दिलं, २००५ ला एज थ्री. मग एक्सबॉक्सवर (मायक्रोसॉफ्टचं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) कंट्रोलर हातात घेऊन स्ट्रॅटेजी खेळता येईल का याचा प्रयोग सुरू केला, त्याला नंतर हॅलो या मायक्रोसॉफ्टच्या गाजलेल्या गोळीबाराच्या गेमचं नाव चिकटलं आणि झालं हॅलो वॉर्स. आणि आता बघा, सप्टेंबर २००८ मध्ये कळवलं की हा गेम पुरा झाला की स्टुडिओ बंद. तरी या लोकांनी तो नीट पुरा केला. जानेवारी २००९ ला टाळं लागलं, गेम दुकानात आला त्यानंतर महिन्याभराने, आणि दहा लाखांच्या वर खपला. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं की पैशाच्या हिशोबात बसत नाही. असेलही, मोठा स्टुडिओ पोसायला खर्च येतोच, पण मला तरी हा हिशोब कधी पटला नाही कारण त्याच मायक्रोसॉफ्टने पुढे हीच जुनी नावं पुन्हा पुन्हा विकली.

माणसं काही गायब झाली नाहीत. काहींनी रोबोट एंटरटेनमेंट काढलं आणि ऑर्क्स मस्ट डाय केलं, काहींनी बोनफायर काढलं जे झिंगा या गेम कंपनीने घेतलं. आणि वर्ड्स विथ फ्रेंड्स हा फोनवरचा शब्दांचा गेम माहिती असेल, ते ज्या न्यूटॉयचं ती कंपनीसुद्धा एन्सेंबलमधून बाहेर पडलेल्या बेटनर भावांचीच.

प्रश्न: आमच्या हॉस्टेलच्या वायफायवर चार जण खेळायला बसले तरी लॅग. मग १९९७ ला डायलअपवर आठ जण एवढं सैन्य घेऊन कसे काय खेळायचे? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

हा प्रश्न आवडला मित्रा. त्यांचं टार्गेट काय होतं बघ: पेंटियम ९०, १६ एमबी रॅम, २८.८ केबीपीएसचा मोडेम (म्हणजे फोनच्या वायरीवरून नेट), आणि त्यावर आठ खेळाडू. प्रत्येक सैनिक कुठे आहे, तोंड कुठे, मार किती खाल्लाय हे सगळं पाठवत बसलं असतं तर फार फार तर २५० हलणारे सैनिक झेपले असते, म्हणजे आठ जणांत वाटून घे आणि बस.

म्हणून त्यांनी सैन्याची माहिती पाठवलीच नाही. फोनवर बुद्धिबळ खेळताना आपण अख्खा पट सांगतो का, फक्त चाल सांगतो आणि दोघं आपापल्या पटावर ती करतात, तसंच. आठही कॉम्प्युटरवर पूर्ण गेम वेगवेगळा चालतो आणि वायरीतून जातो तो फक्त हुकूम, की हे दहा जण तिकडे जा. आणि तो लगेच पाळायचा नाही, दोन टर्न नंतर पाळायचा, म्हणजे तोवर सगळ्यांकडे पोचतो. टर्न म्हणजे गेमच्या वेळेचा एक छोटा तुकडा, साधारण २०० मिलिसेकंदांचा. क्लिक केल्यावर सैनिक लगेच हो म्हणतो ना, तो आवाज तुझ्याच कॉम्प्युटरचा, त्यामुळे उशीर झाल्याचं कळतच नाही. उशीर एकसारखा असला की हात आपोआप सरावतो, कधी झटकन कधी रेंगाळत असं झालं की मात्र चिडचिड होते.

यात गोम अशी की आठही ठिकाणी गेम तंतोतंत सारखा चालला पाहिजे, रँडम आकडेसुद्धा तेच. मॅप बनताना एका कॉम्प्युटरवर एक हरीण जरा तिरकं उभं राहिलं तर ते चरायला वेगळीकडे जाणार, काही मिनिटांनी एखाद्या गावकऱ्याचा भाला त्याला लागायचा तो चुकणार, त्याच्याकडे मांस कमी, आणि तिथून पुढे दोन कॉम्प्युटरवर दोन वेगळे गेम. मग येतो तो आउट ऑफ सिंकचा मेसेज आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. असे बग शोधताना त्या लोकांचे काय हाल झाले असतील विचार कर. मार्क टेरानो आणि पॉल बेटनर (हो, तोच वर्ड्स विथ फ्रेंड्सवाला) यांनी २००१ मध्ये यावर लेख लिहिलाय, नेटवर्किंग शिकत असशील तर जरूर वाच.

प्रश्न: यात मराठे का नाहीत? की भारत त्यांना माहितीच नव्हता? (एक वाचक, सातारा)

एन्सेंबलने पहिल्या दोन भागांत भारताला जागा दिली नाही हे खरं, दुसऱ्या भागात हत्ती होते ते पर्शियनांकडे. कॉन्करर्समध्ये कोरियन आले, कारण कोरियात गेमचं मार्केट तुफान होतं, हे उघड गुपित आहे. भारतीय आले २००७ ला, एज थ्रीच्या एशियन डायनेस्टीजमध्ये, आणि तेही बिग ह्यूज गेम्सने बनवलेले. गुरखा, सिपॉय, हौद्यातले हत्ती, आणि गावकरी बनवायला अन्नाऐवजी लाकूड!

एज टूमध्ये भारतीय आणले ते चाहत्यांनी. स्टुडिओ बंद झाल्यावर काही हौशी लोकांनी फॉरगॉटन एम्पायर्स नावाचा मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतः केलेला बदल, केला, तो इतका चांगला निघाला की २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तोच अधिकृत करून घेतला आणि ते लोक आता गेमचे डेव्हलपर आहेत. २०२२ मध्ये त्यांनी त्या एका भारताचे हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे भाग केले, राजेंद्र चोळाची मोहीमही आहे. मराठ्यांचं म्हणाल तर हा गेम साधारण सोळाव्या शतकात संपतो, शिवाजी महाराज त्यानंतरचे, त्यामुळे ते नसणं समजू शकतो. देवगिरीचे यादव मात्र काळात अगदी फिट बसतात, ते कुणी आणले तर मी पहिल्या दिवशी घेईन.

प्रश्न: एज टूची जुनी सीडी सापडली, विंडोज १० वर चालेल का? (एक वाचक, मडगाव)

प्रयत्न करून बघा. डायरेक्टप्ले (जुने गेम वापरायचे तो विंडोजचा एक भाग) मागितलं तर कंट्रोल पॅनलमधल्या विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सखाली त्यावर टिक करा. पाणी, गवत यांचे रंग चित्रविचित्र दिसले तर घाबरू नका, गेम २५६ रंगांचा आहे म्हणून तसं होतं, टास्क मॅनेजरमधून एक्स्प्लोरर बंद करून गेम चालू केला की बऱ्याचदा ठीक होतं. एवढी खटपट नको असेल तर २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) सेल लागला की घ्या.