कलिंगची ड्युटी आणि गळ्यातली माळ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नवापूर तालुक्यात नवी नोकरी, गळ्यात तुळशीची माळ, आणि उद्या बर्ड फ्लू आला तर कोंबड्या मारायला, म्हणजे कलिंगला, जावं लागेल ही धास्ती. धास्ती अनाठायी नाही. नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये 2006 च्या फेब्रुवारीत हा रोग आला, 2021 च्या फेब्रुवारीत पुन्हा आला, आणि दोन्ही वेळा लाखोंनी पक्षी मारून पुरावे लागले. पशुसंवर्धनात काम करणाऱ्याने ती वेळ येणारच नाही असं धरून चालू नये.

धर्माचं कारण सांगून अशा कामातून सूट मागण्याचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. काम बदलून मात्र मिळू शकतं, आणि ते वेळेवर दिलेल्या एका साध्या अर्जावर अवलंबून असतं.

तू व्हिडिओ पाहून लिहिलंस की मालकाने कर्मचाऱ्याच्या श्रद्धेसाठी सोय करून द्यायलाच हवी. तो अमेरिकेचा कायदा, 1964 चा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये रविवारी काम न करणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात तो आणखी कडक केला. आपल्याकडे 'वाजवी सोय' हा शब्द 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तो दिव्यांगांसाठी. अर्जात तो घातलास तर साहेब पहिल्याच ओळीला हसतील.

आपल्याकडे आधार आहे तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 चा. पण त्याची सुरुवातच अशी, की सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून हे स्वातंत्र्य आहे. बर्ड फ्लू म्हणजे नेमकं आरोग्य. शिवाय प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्याने बाधित जनावरं-पक्षी मारण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. तेव्हा कोर्टात तुझी बाजू लंगडी पडणार, हे मनाशी धरून चाल.

कोर्टांचे निकाल वाचशील तर ते दोन दिशांना जाताना दिसतील. जिथे माणसाला पूजा-प्रार्थना करायला भाग पाडलं जातं, तिथे न्यायालय सहसा त्याच्या बाजूने उभं राहतं. केरळमधली तीन मुलं राष्ट्रगीताला उभी राहत, पण धर्मामुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं ते 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवलं. श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का हा प्रश्न नाही, ती मनापासून धरलेली आहे का हा आहे, असं त्यात म्हटलंय. नाशिकच्या एका शिक्षकाला प्रार्थनेच्या वेळी हात जोडायची सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं. याउलट हवाई दलातल्या दाढीच्या खटल्यात 2016 मध्ये जवान हरला. 2025 मध्ये रेजिमेंटच्या मंदिर-गुरुद्वाऱ्याच्या गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या सैन्याधिकाऱ्याची बडतर्फी कायम राहिली. तिथे विषय पूजेचाच होता, पण सैन्याला अनुच्छेद 33 लागतो, म्हणजे सैनिकांचे मूलभूत हक्क कायद्याने मर्यादित करता येतात, आणि वर्दीचं गणित वेगळं. तू वर्दीत नाहीस, पण तुला कोणी पूजाही करायला लावत नाहीये. तुझी हरकत पदाच्या कामालाच आहे, म्हणून ती कमजोर.

आता अर्जाकडे ये. रोग आला की शेडमध्ये उतरणाऱ्या शीघ्र कृती दलांच्या याद्या रोग येण्याआधी तयार होतात. अर्ज त्याच्याही आधी जायला हवा. शेडच्या दारात पीपीई किट हातात घेऊन 'मला जमणार नाही' म्हणणाऱ्याला कोणी धार्मिक समजत नाही, भित्रा समजतात. आणि फाईलवर जातं ते 'आदेशाचं उल्लंघन'.

अर्ज एका पानाचा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्यांच्या नावाने, तालुक्याच्या साहेबांमार्फत, म्हणजे 'योग्य मार्गाने'. मला काय करता येणार नाही ते एकाच वाक्यात लिही: 'पक्ष्याची मान मोडून त्याला स्वतःच्या हाताने मारणे.' एवढंच. 'बर्ड फ्लूच्या कामातून वगळावे' असं लिहिलंस तर तो कामचुकारपणा होतो. मग काय करीन त्याची यादी दे, आणि ती भरघोस असू दे. श्वासनलिकेचे आणि गुदमार्गाचे स्वॅब घेणं, रक्तनमुने, 1 किलोमीटरच्या बाधित क्षेत्रातली पक्षीगणना, त्याबाहेर 10 किलोमीटरपर्यंतच्या सर्वेक्षण क्षेत्रात गावोगाव फिरणं, शेड निर्जंतुक करणं, खड्ड्यात चुन्याचे थर नीट पडतात का ते पाहणं, नुकसानभरपाईचे पंचनामे. यातली निम्मी कामं रात्री बारापर्यंत चालतात आणि कोणालाच नको असतात. 'ही कामं कितीही तास करीन, बाधित क्षेत्रातच थांबीन' हे वाक्य अर्जात असलं की साहेबाला अदलाबदल करणं सोपं जातं. प्रत्यक्ष मान मोडण्याचं काम बरंचसं मजुरांच्या हातून होतं, पर्यवेक्षकाने मोजायचं आणि नोंदवायचं. पण मजूर पळाले की हात लावायची पाळी येते, आणि ते पळतात.

'माझा घटनात्मक हक्क', 'अन्यथा न्यायालयात दाद मागावी लागेल' असलं काही घालू नकोस. निकालांची नावंही नकोत. महाराजांचं पत्र जोडू नकोस. मागितलं तर दे. दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घे.

त्याआधी स्वतःशी एकदा हिशेब कर, कारण प्रश्न विचारले जाणार. अंडी नष्ट करायला चालतील का? जखमी जनावराला दयामरणाचं इंजेक्शन? शवविच्छेदन? जंतनाशक पाजतोस तेव्हा जंतही मरतातच, हे कुणीतरी हमखास म्हणणार. (चिडू नकोस. विचारणारा बहुधा संध्याकाळी तुझ्याच डब्यातली शेवभाजी खाणारा असतो.) आज एक आणि उद्या दुसरं सांगितलंस तर श्रद्धेवरचा विश्वास तिथेच संपतो.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती मेडिकल टाकून. रोग जाहीर झाला त्याच दिवशी पाठदुखीचं सर्टिफिकेट गेलं की वैद्यकीय मंडळापुढे उभं करतात. मग मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि खोट्या दाखल्याचं प्रकरण उभं राहतं.

अर्ज नामंजूर झाला आणि लेखी आदेश आला तर वाटा दोनच. 'हरकत नोंदवून आदेशाचे पालन करीत आहे' असं लिहून जायचं, किंवा नकार द्यायचा आणि परिणाम सोसायचे. नकाराचा रस्ता कारणे दाखवा नोटीस, निलंबन, विभागीय चौकशी असा जातो. निलंबनात सुरुवातीला अर्धपगारी रजेइतका निर्वाहभत्ता मिळतो. शिक्षा ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकते. तू परिविक्षेवर (प्रोबेशनवर) आहेस, हे विसरू नकोस. 'सेवा समाधानकारक नाही' एवढ्या शब्दांवर चौकशीशिवायही घरी पाठवता येतं. परिविक्षा संपेपर्यंत नकाराची भाषा तोंडातून काढू नकोस.

नियुक्तिपत्र काढून बघ, आस्थापना कोणाची ते. राज्य शासनाची असेल तर 1979 चे शिस्त व अपील नियम लागतात, आणि पुढे प्रशासकीय न्यायाधिकरण. जिल्हा परिषदेची असेल तर 1964 चे नियम वेगळे आहेत, न्यायाधिकरण नाही, सरळ उच्च न्यायालय. दोन्हींसाठी आपल्या खान्देशातल्या माणसाला औरंगाबाद खंडपीठाचीच एसटी धरावी लागते.

जळगावच्या सराफी शोरूममधल्या तुझ्या मित्राचं थोडक्यात. खाजगी मालकावर अनुच्छेद 25 थेट चालत नाही. पण 20 किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानाला 2017 चा दुकाने अधिनियम लागतो, आणि त्यात वर्षाला 8 भरपगारी सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा, विसर्जनाचा सोमवार त्यात बसवून घ्यायचा तर डिसेंबरातच बोलायला हवं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, नाद सोड म्हणावं. त्या दिवशी सोनं विकायला माणूस कमी पडतो, कोणता सराफ सुट्टी देईल?

अर्जाचा कच्चा मसुदा या आठवड्यात पाठव, 'करणार नाही' वाला परिच्छेद दोन ओळींच्या पुढे गेला असेल तर आधीच काट मार.

तुझा,
काका