सहा वर्षांच्या मुलीला घरीच शिकवताना विज्ञानाचे कोणते प्रयोग करून घ्यावेत?

प्रयोगांचे तयार संच विकत आणावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवातीला स्वयंपाकघरातली हळद पुरेशी आहे. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून टीपकागदावर फासावी, कागद सावलीत वाळवावा आणि त्याच्या पट्ट्या मुलीलाच कापू द्याव्यात. कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्याचा थेंब पडताच पिवळी पट्टी तांबूस होते, आणि त्याच डागावर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी दिसते, कारण हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते व अल्कलीत लाल होते. (पारंपरिक कुंकवाचा लाल रंगही हळदीवर अल्कलीची क्रिया होऊनच येतो.) खाण्याचा सोडा, ताक, चिंचेचे पाणी यांनी काय होईल, हे तिने आधी सांगावे आणि मगच थेंब टाकावा, अंदाज चुकला तरी लगेच उत्तर सांगण्याची घाई करू नये. चुन्याची निवळी वापरायची असल्यास ती मोठ्यांनीच हाताळावी, कारण चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. पुढे लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून हाच प्रयोग करता येतो. तिथे लिंबाने गुलाबी आणि सोड्याने हिरवट रंग मिळतो.