सुरुवातीच्या वर्ड प्रोसेसरांना समीक्षकांनी नावं ठेवली, मग वर्डस्टार इतकं चाललं कसं?

तुमच्या प्रश्नात गृहीत धरलंय की समीक्षक एक म्हणत होते आणि लोक भलतंच विकत घेत होते. वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरपुरतं (संगणकावर मजकूर लिहायच्या प्रोग्रामपुरतं) ते अर्धंच खरं आहे. त्याची स्तुतीही भरपूर झाली. 'सगळ्यात ताकदवान' आणि 'शिकायला सगळ्यात अवघड' ही दोन्ही विशेषणं अनेकदा एकाच लेखात भेटतात.

थोडं मागून सुरू करतो. १९७६च्या अखेरीस मायकल श्रेयर यांचा 'इलेक्ट्रिक पेन्सिल' हा वर्ड प्रोसेसर आला, तेव्हा तुलनेला दुसरं काही नव्हतंच. तक्रारी होत्या त्या यंत्राच्या. टीआरएस-८० मॉडेल १ या संगणकावर लहान लिपीतली इंग्रजी अक्षरंच दिसत नसत, त्यासाठी आत एक चिप डकवावी लागे आणि कंट्रोलची कळ वेगळी जोडावी लागे. ॲपल २वर एका ओळीत ४० अक्षरं, तीही फक्त कॅपिटल. म्हणून त्यावरच्या ॲपल रायटर या वर्ड प्रोसेसरमध्ये खरी कॅपिटल अक्षरं उलट्या रंगात दाखवायची युक्ती होती. शिफ्ट नीट चालावी म्हणून लोक त्या कळीपासून गेम पोर्टपर्यंत वायर ओढत. त्या काळचं परीक्षण वाचताना दोष प्रोग्रामचा की यंत्राचा, हे आधी वेगळं करा. नाहीतर निष्कर्ष चुकतो.

खरी झोडपणी झाली ती ईझीरायटरची. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएम पीसी आला, त्यासोबत आयबीएमने जाहीर केलेला हा वर्ड प्रोसेसर, किंमत १७५ डॉलर. मूळ ॲपल २वरचा, जॉन ड्रेपर यांनी फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. १.० आवृत्ती चुकांनी भरलेली आणि वापरायला अडचणीची होती, समीक्षकांनी तसं उघड लिहिलं, आणि आयबीएमला ग्राहकांना १.१ फुकट द्यावी लागली. टीकेने कंपनीला हलवलं, असं हे ठळक उदाहरण.

आता वर्डस्टार. मायक्रोप्रो कंपनीचा प्रोग्राम, रॉब बार्नबी यांनी लिहिलेला, १९७८पासून सीपी/एमवर आणि १९८२पासून डॉसवर (या दोन्ही त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिम). यादीतली किंमत ४९५ डॉलर. त्या काळच्या अनेक टर्मिनलांना बाणाच्या कळाच नव्हत्या, म्हणून कर्सर कंट्रोलची कळ धरून हलवायचा: ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. कीबोर्डवर या चार कळांचा पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार होतो. त्याला लागूनच ए आणि एफ एकेक शब्द मागेपुढे नेतात, आर आणि सी एकेक पडदा. कंट्रोलची कळ तेव्हा ए अक्षराच्या डावीकडे असे, त्यामुळे हात जागेवरून हलतच नसे. पुढे १०१ कळांच्या कीबोर्डने तिथे कॅप्स लॉक बसवला आणि जुने वापरकर्ते चिडले ते उगाच नाही.

परीक्षकाला मात्र पहिल्या आठवड्यात दिसे तो वरचा मेनू. पडद्याच्या २४ ओळींतला बराच भाग तोच खाई. इथे एक बारकावा आहे. कंट्रोल-के (फाइल साठवण्यासारख्या आज्ञांची सुरुवात) दाबून थांबलात तरच के-मेनू उघडतो. पुढची कळ पटकन दाबली की मेनू दिसतच नाही. मदतीची पातळी ३वरून ०वर आणली की वरचा मेनूही जातो. म्हणजे नवख्याला दिसणारा आणि सरावलेल्याला दिसणारा प्रोग्राम वेगवेगळे. दोन आठवड्यांत लिहिलेल्या परीक्षणात यातला पहिलाच पकडला जाणार. माझ्या मते 'अवघड' हा शेरा खरा होता, पण तो पहिल्या महिन्यापुरता. माहितीपुस्तिकेवरची टीका मात्र पूर्ण रास्त. बाहेरच्या लेखकांची शिकवणीवजा पुस्तकं खपली ती तिच्यामुळेच.

परीक्षणांत कमी आणि रोजच्या कामात जास्त नडणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या. मधे एक शब्द घातला की परिच्छेद आपोआप सावरत नसे, कंट्रोल-बी दाबून ओळी पुन्हा बसवाव्या लागत. छपाईच्या बिंदू-आज्ञा, म्हणजे बिंदूने सुरू होणाऱ्या सूचना (पान-लांबीसाठी .पीएल, पानक्रमांक बंद करायला .ओपी) ओळीच्या अगदी पहिल्या रकान्यात हव्यात, एक जागा सोडून लिहिल्या तर त्या मजकूर म्हणून छापून येत. डॉक्युमेंट या नेहमीच्या पद्धतीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या संकेतातला आठवा बिट (एरवी बंद असलेला) चालू केला जाई, म्हणून तीच फाइल दुसरीकडे उघडली की अगम्य चिन्हं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एन दाबून नॉन-डॉक्युमेंट पद्धत वापरायची, हे त्यासाठीच.

सगळ्यात वाईट डिस्क भरण्याचं. साठवताना वर्डस्टार जुनी फाइल ठेवून नवी वेगळी लिहितं आणि मग जुनीला .बीएके करतं. १६० केबीच्या फ्लॉपीवर ७० केबीचं प्रकरण उघडलंत तर कंट्रोल-के-डी दाबून साठवताना 'डिस्क फुल' येण्याची तयारी ठेवावी. वाट अशी: कंट्रोल-के-जे ने एखादी नको असलेली फाइल पुसायची आणि पुन्हा साठवायचं. म्हणून कागदपत्र डिस्कच्या निम्म्याच्या बरंच आत ठेवायचं.

वर्डस्टार मागे पडलं ते कळांच्या जोड्यांमुळे नाही. वर्डस्टारची डॉसवरची ३.एक्स आवृत्ती उपफोल्डर ओळखत नव्हती. हार्ड डिस्क आल्यावर हे खटकलं, आणि दुरुस्ती १९८७च्या ४.०मध्ये आली. मधल्या काळात मायक्रोप्रोने वर्डस्टार २००० काढलं, त्यात आज्ञाच बदलल्या, वर कॉपी-संरक्षण, म्हणजे डिस्कची नक्कल अडवणारी सोय. जुन्या वापरकर्त्यांच्या बोटांची सवयच मोडली.

वर्डपरफेक्ट या स्पर्धक वर्ड प्रोसेसरने नेमकं उलट केलं. रिकामा पडदा, सगळं फंक्शन कळांवर, आणि कळांभोवती ठेवायचा पुठ्ठ्याचा साचा. पाठ करावं लागे ते इथेही तितकंच. पण ऑल्ट-एफ३ दाबलं की मजकुरात लपलेले मांडणीचे कोड उघडे पडत, आणि ठळक अक्षरं कुठे बंद करायची राहिली ते सापडे. फोनवर मोफत मदतही मिळे. १९८६च्या ४.२ला चांगली परीक्षणं मिळाली ती याच जोरावर.

मायक्रोसॉफ्ट वर्डचं १९८३मधलं स्वागत संमिश्र होतं. नोव्हेंबरच्या 'पीसी वर्ल्ड' मासिकासोबत डेमो डिस्क वाटली, माउस आणि स्टाइल शीट (मांडणीचे तयार साचे) आवडल्या, पण आज्ञांची रचना आडवळणाची आणि पडदा संथ वाटला. ॲपलच्या मॅक संगणकावरच्या १९८४च्या मॅकराइटचं रूप सगळ्यांना आवडलं, पण १२८ केबीच्या मॅकवर आठ-दहा पानांत मेमरी संपे.

आपल्याकडे या निकालांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९९०च्या सुमारास संगणक क्लासच्या पाटीवर 'वर्डस्टार, लोटस, डीबेस' (लेखन, हिशेबाचे तक्ते आणि माहितीच्या नोंदी) हेच त्रिकूट असे, कारण शिकवणारे आणि ऑफिसं दोघंही तेच वापरत होते.