पारंपरिक उपचारपद्धती सरकारी आरोग्यसेवेत आणताना सुरुवात कुठून करावी?

पारंपरिक उपचारपद्धती राष्ट्रीय आरोग्यसेवेत आणायच्या तर पहिले पाऊल कोणते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते केसपेपरवर पडायला हवे. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेतील अल्मा-आटा जाहीरनाम्याने गरजेनुसार पारंपरिक वैद्यांनाही प्राथमिक आरोग्यसेवेत स्थान दिले होते. परंतु रुग्ण घरी कोणता काढा घेतो हे डॉक्टरांना ठाऊकच नसेल, तर एका छताखाली दोन दालने उघडून फारसे काही साधत नाही. सेंट जॉन्स वर्ट ही नैराश्यावर घेतली जाणारी वनस्पती वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा प्रभाव कमी करते, आणि त्या गोळीवर अवलंबून असलेल्या माणसाच्या शरीरात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून अशी माहिती विचारून, तीही रुग्णाला न रागावता, लिहून ठेवणे हे मला सर्वांत निकडीचे काम वाटते. वैद्यांची नोंदणी, औषधांच्या शुद्धतेची तपासणी आणि दुष्परिणाम कळवण्याची सोय ओघाने आलीच. पुराव्याची अट मात्र सर्व पद्धतींना सारखी हवी. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये ज्यासाठी नोबेल मिळाले, त्या आर्टेमिसिनिनचा धागा जुन्या चिनी ग्रंथात सापडला होता. तरीही प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्यांत उतरल्यानंतरच ते हिवतापावरील औषध म्हणून स्वीकारले गेले.